४३ इंची टीव्ही, ५५ मुलं आणि नेट नाही: स्लाइड्सऐवजी वर्गात काय वापरावं?

नववी_ब

नमस्कार. शाळा उघडण्याआधी एक गोष्ट पक्की करायची आहे, म्हणून सगळी परिस्थिती एकदमच मांडते.

विषय विज्ञान आणि गणित, आठवी ते दहावी, मराठी माध्यम. एका तुकडीत ५५ च्या आसपास मुलं, तास ३५ मिनिटांचा. वर्गात फळ्याच्या डाव्या बाजूला भिंतीवर ४३ इंची टीव्ही, त्याला एचडीएमआयची लांब केबल. लॅपटॉप विंडोज १० चा, रॅम ४ जीबी. इंटरनेट म्हणजे मोबाइलचा हॉटस्पॉट, तोही खिडकीजवळच मिळतो.

आतापर्यंत सगळं पॉवरपॉइंटवर होतं. लॅपटॉपवरच्या ऑफिसची मुदत संपली आहे, फाइल उघडते पण त्यात बदल करता येत नाही. नवीन लायसन्स घ्यायच्या आधी मुळात स्लाइड्सच हव्यात का, हे ठरवायचं आहे. अडचणी अशा:

स्लाइड लागली की वर्ग मान खाली घालून उतरवून घ्यायला लागतो. बोलणं कोणी ऐकत नाही, लिहून झालं की "मॅडम, पुढची". प्रमेयाची सिद्धता ओळीओळीने आणली तरी पाचव्या ओळीपर्यंत आकृती मागच्या स्लाइडवर गेलेली असते. कोणी मध्येच वेगळा प्रश्न विचारला तर त्याच्यासाठी स्लाइडवर जागाच नसते. आणि मराठी अक्षरं दुसऱ्या लॅपटॉपवर विस्कटतात. काही जुन्या फाइली तर श्री-लिपीतल्या आहेत.

कॅनव्हा, प्रेझी, गुगल स्लाइड्स, ओपनबोर्ड, जिओजेब्रा ही नावं ऐकून आहे. यातलं काय घ्यावं? साधारण ४० धड्यांच्या स्लाइड्स तयार आहेत, त्या वाया जाऊ नयेत एवढी इच्छा.

मापपट्टी

मॅडम, सॉफ्टवेअर निवडण्याआधी पट्टी घेऊन टीव्ही मोजा. तुमच्या पहिल्या अडचणीचं मूळ बरंचसं तिथे आहे.

४३ इंच हे कर्णाचं माप. पडदा प्रत्यक्षात सुमारे ९५ सेंमी रुंद आणि ५३ सेंमी उंच भरतो. ५५ मुलांच्या वर्गात शेवटचा बाक टीव्हीपासून सहज ७ मीटरवर जातो. डोळ्यांना ताण न देता वाचता यावं म्हणून अक्षराची उंची अंतराच्या दोनशेव्या भागाइतकी धरावी, म्हणजे ७ मीटरला साडेतीन सेंमी. ही उंची शिरोरेषेपासून अक्षराच्या तळापर्यंतची. मात्रा, वेलांट्या, उकार यात धरायचे नाहीत.

पॉवरपॉइंटची रुंद स्लाइड साडेसात इंच, म्हणजे ५४० पॉइंट उंच असते. ती ५३ सेंमीच्या पडद्यावर पसरली की १ पॉइंट म्हणजे जवळजवळ १ मिलिमीटर. पण फॉन्टचा आकडा मात्रा-उकारांची जागा धरून असतो. नुसतं 'क' त्याच्या साधारण ६० टक्केच भरतं. तेव्हा साडेतीन सेंमीच्या 'क' साठी फॉन्ट ५८ ते ६० लागतो. मराठीला ओळींमध्ये जास्त अंतर सोडावं लागतं, ते धरून अशा सहाच ओळी स्लाइडवर मावतात. शीर्षक घातलं तर पाच.

२८ च्या फॉन्टमधलं 'क' पावणेदोन सेंमीचं होतं आणि ते साडेतीन मीटरपर्यंतच नीट दिसतं. अर्धा वर्ग तिथेच सुटला. फॉन्टाफॉन्टात थोडा फरक असतो, म्हणून एका कोऱ्या स्लाइडवर ६० मध्ये 'क' टाका आणि टीव्हीवर पट्टी लावून बघा. आणखी एक घोळ लक्षात ठेवा: गुगल स्लाइड्सचं नेहमीचं पान ४०५ पॉइंट उंच असतं आणि लिब्रेऑफिसचं सुमारे ४४६. त्यामुळे 'फॉन्ट ४०' हा आकडा तिन्हीकडे वेगवेगळ्या मापाचा दिसतो.

उतरवून घेण्याबद्दल. पडद्यावरचं वाक्य वाचणं आणि तुमचं बोलणं ऐकणं ही दोन्ही कामं भाषेचीच, ती एकमेकांच्या आड येतात. चित्र आणि बोलणं यांची जोडी जमते. त्यावर तेच बोलणं अक्षरांत लिहून ठेवलं की शिकणं कमी होतं, हे शैक्षणिक मानसशास्त्रज्ञ रिचर्ड मेयर यांच्या प्रयोगांमधून पुढे आलेलं आहे. ४० धड्यांमधली वाक्यं काढून चित्रं तेवढी ठेवलीत, तरी मोठं काम झालं.

युनिकोडवाला

जुन्या फाइलींचं आधी सांगतो, कारण ते सोपं आहे.

लिब्रेऑफिस फुकट आहे, ४ जीबीवर चालतं, एकदा डाउनलोड केलं की नेट लागत नाही. त्यातलं इम्प्रेस तुमच्या पॉवरपॉइंटच्या फाइली उघडेल. साधा मजकूर, चित्रं, तक्ते नीट येतात. बिघडतं ते असं: स्मार्टआर्टच्या आकृत्या हलतात किंवा त्यांतला मजकूर बाहेर सांडतो, काही अॅनिमेशनं बदलतात, आणि व्हिडिओ स्लाइडच्या आत न ठेवता नुसता जोडलेला असेल तर त्याचा पत्ता हरवतो. व्हिडिओ आणि सादरीकरण एकाच फोल्डरमध्ये ठेवून पुन्हा जोडून घ्या.

मराठीसाठी एक सेटिंग आधी करा. टूल्स, मग ऑप्शन्स, मग भाषेचा विभाग. तिथे कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट चालू करून भाषा मराठी निवडा. हे केलं नाही तर मजकुरावर हिंदीचा शिक्का राहतो, आणि ज्या फॉन्टमध्ये दोन्ही वळणं आहेत त्यात 'ल' आणि 'श' हिंदी वळणाचे उमटतात. दुसरं, इम्प्रेसमध्ये रोमन आणि देवनागरी यांचे फॉन्ट वेगळे धरले जातात. इंग्रजी-मराठी मिसळलेली ओळ असेल तर टूलबारवरून न बदलता कॅरेक्टरच्या खिडकीत जाऊन दोन्ही जागी फॉन्ट द्या. 'मुक्त' (Mukta) किंवा 'नोटो सान्स देवनागरी' हे फॉन्ट चांगले. दोन्ही फुकट आहेत आणि जाड वजनात लांबून स्वच्छ दिसतात. बारीक वजन टीव्हीवर वापरू नका, शिरोरेषा पुसट होते.

श्री-लिपीचा प्रश्न वेगळा. त्या फाइलीत मराठी अक्षरं साठवलेलीच नसतात. आत रोमन संकेत असतात आणि तो विशिष्ट फॉन्ट त्यांना मराठी चेहरा देतो. फॉन्ट नसला की उरते ती अगम्य चिन्हांची रांग. मजकूर कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या संगणकांवर चालणाऱ्या अक्षर-संकेतांत, आणावा लागतो, आणि कन्व्हर्टर ठरावीक ठिकाणी चुकतात: ऱ्हस्व वेलांटी, कारण ती जुन्या पद्धतीत अक्षराच्या आधी टाइप होते, आणि रफार, कारण तो अक्षराच्या नंतर येतो. म्हणून 'स्थिती', 'क्लिष्ट', 'कार्य', 'वर्तुळ', 'सूर्याच्या' असे शब्द शोधून तपासा. विज्ञानाच्या पुस्तकात 'ऊर्जा', 'अपवर्तन', 'परावर्तन' पानोपानी आहेत, तिथे रफार हमखास सरकतो.

वर्गात नेताना फाइलीची पीडीएफ करा. पीडीएफमध्ये फॉन्ट आतच बांधला जातो, दुसऱ्या लॅपटॉपवर काहीही विस्कटत नाही. सुमात्रापीडीएफ नावाचा छोटासा वाचक आहे, त्यात एफ५ दाबलं की पान पूर्ण पडद्यावर येतं. पीडीएफमध्ये अॅनिमेशन मात्र उरत नाही. ओळ एकेक करून हवी असेल तर त्याच स्लाइडच्या प्रती करून प्रत्येकीत एकेक ओळ वाढवत न्या.

बाकीची नावं थोडक्यात. कॅनव्हा दिसायला सुंदर आणि शाळेची ओळख पटवली की शिक्षकांना त्याची शैक्षणिक आवृत्ती फुकट मिळते, पण काम ब्राउझरमध्ये आणि नेटवर. घरी करून पीडीएफ आणायची असेल तर ठीक. त्यातून पॉवरपॉइंटची फाइल घेतली तर फॉन्ट बदललेले सापडतील. गुगल स्लाइड्स नेटशिवाय चालतात, पण त्यासाठी त्याच लॅपटॉपच्या क्रोममध्ये, नेट असताना, ती फाइल ऑफलाइनसाठी आधी निवडून ठेवावी लागते. प्रेझीत पडदा सारखा आत-बाहेर फिरतो, आणि फुकट खात्यावर केलेलं काम सगळ्यांना खुलं असतं. तुमच्या गरजेला यातलं एकही फारसं उपयोगी नाही. हे सगळे स्लाइड्सचेच प्रकार आहेत आणि तुमची अडचण स्लाइडच्या मूळ स्वभावाचीच आहे.

खुली_पाटी

वरच्या शेवटच्या वाक्याशी पूर्ण सहमत. स्लाइडचं पान आदल्या रात्रीच भरून संपलेलं असतं, मुलाच्या प्रश्नाला त्यात जागा उरेल कशी? तुम्हाला कोरं पान हवं आहे, म्हणून ओपनबोर्ड, म्हणजे पडद्यावर पेनने लिहायचा फळा. हे मूळ स्वित्झर्लंडमधल्या लोझान विद्यापीठातलं काम, आता जिनिव्हा प्रांताचं शिक्षण खातं ते सांभाळतं. मुक्त स्रोत, फुकट, विंडोज आणि लिनक्स दोन्हीवर चालतं. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हा पुढेमागे लिनक्सवर जायची वेळ आली तरी हे सोबत येईल.

जोडणी अशी. केबल लावा, विंडोजचं बटण आणि पी एकत्र दाबा, एक्स्टेंड निवडा. ड्युप्लिकेट नको. एक्स्टेंडमध्ये ओपनबोर्ड उघडलं की टीव्हीवर फक्त पान दिसतं आणि अवजारांची पट्टी तुमच्या लॅपटॉपवर राहते. ड्युप्लिकेटमध्ये मुलांना सगळी बटणं दिसतात आणि पानाची जागाही कमी होते.

पाठ्यपुस्तकाची पीडीएफ ई-बालभारतीवरून घ्या, पण अख्खं पुस्तक आत ओढू नका. प्रत्येक पानाचं एक फलक-पान तयार होतं आणि ४ जीबीवर दीडशे पानं ओढली की पेन मागे पडायला लागतं. सुमात्रामधून किंवा ब्राउझरमधून 'प्रिंट टू पीडीएफ' करून धड्याची चार-पाच पानं वेगळी काढा आणि तेवढीच आणा. नुसती आकृती हवी असेल तर डेस्कटॉपवर जाऊन तिच्याभोवती चौकट ओढा, तेवढा तुकडा कोऱ्या पानावर येतो. पानाचा खालचा भाग झाकायला पडदा आहे. पट्टी, कोनमापक, कंपास आहेतच. भौमितिक रचनेच्या धड्याला कंपास खरोखर उपयोगी पडतो, कारण त्रिज्या न बदलता दुसरा कंस काढणं मुलांना मोठ्या आकारात दिसतं.

माउसने लिहू नका, अक्षर वाचण्यासारखं येत नाही. साधारण ६ बाय ४ इंचाची यूएसबी पेन टॅब्लेट घ्या, ज्याच्या पेनला बॅटरी लागत नाही अशी. ती लावल्यावर तीन गोष्टी हमखास बिघडतात. एक, टॅब्लेटचा पृष्ठभाग दोन्ही पडद्यांवर मिळून पसरतो, त्यामुळे रेघ अर्ध्या जागेत दाबली जाते. ड्रायव्हरमध्ये जाऊन तिला फक्त लॅपटॉपच्या पडद्याला बांधा. दोन, वर्तुळ अंड्यासारखं येतं, कारण टॅब्लेट आणि पडदा यांचं लांबी-रुंदीचं प्रमाण वेगळं असतं. ड्रायव्हरमधला प्रमाण राखण्याचा पर्याय चालू करा. तीन, पेन टेकवून क्षणभर थांबलं की गोल चिन्ह येतं आणि रेघ तुटते. विंडोज इंकचा पर्याय बंद केला की बहुतेक वेळा ते थांबतं.

हात टेबलावर आणि डोळे पडद्यावर, याची सवय व्हायला रोज पंधरा मिनिटं धरून दोनेक आठवडे जातात. देवनागरीला एक फायदा आहे: शिरोरेषा शब्द पूर्ण झाल्यावर एकदाच ओढली की अक्षरं आपोआप एका ओळीत आल्यासारखी दिसतात. आधी अक्षरागणिक तुकडे जोडत बसू नका.

तास संपला की पानं पीडीएफ करून पालकांच्या गटावर टाकता येतात. पण स्वतःसाठी ओपनबोर्डच्या मूळ स्वरूपातली प्रतही ठेवा. पीडीएफ झालेली रेघ पुसता येत नाही, मूळ प्रतीत ती पुढच्या तुकडीसाठी पुसून पुन्हा वापरता येते.

खडू_डस्टर

ओपनबोर्ड चांगले आहे, पण या वर्गात सिद्धता टीव्हीवर लिहू नये असे माझे ठाम मत आहे. कारण साधे आहे, जागा.

आठ बाय चार फुटांचा फळा म्हणजे सुमारे तीन चौरस मीटर. ४३ इंची टीव्ही अर्धा चौरस मीटर. फळा सहापट मोठा आहे. वर मापपट्टी यांनी दाखवलेच की टीव्हीवर वाचनीय अशा पाच-सहा ओळीच मावतात. समरूपतेच्या किंवा वर्तुळाच्या प्रमेयाला पक्ष, साध्य, रचना, सिद्धता धरून दहा-बारा ओळी आणि एक आकृती लागते, आणि हे सर्व एकाच वेळी डोळ्यांसमोर राहावे लागते. आठव्या ओळीवर "हा कोन कुठून आला?" असे विचारणाऱ्या मुलाला तिसऱ्या ओळीकडे बोट दाखवता आले पाहिजे. पान उलटणारे कोणतेही साधन, स्लाइड असो वा ओपनबोर्ड, तिथे अपुरे पडते. जे बदलते, हलते, रंगीत आहे ते टीव्हीवर. जे टिकून राहायला हवे ते फळ्यावर. टीव्ही आणि फळा शेजारी आहेत, हे तुमचे भाग्य समजा.

उतरवून घेण्यावर उपाय सॉफ्टवेअरमध्ये नाही, कागदात आहे. धड्याचे अर्ध्या पानाचे टिपण करावे आणि त्यात गाळलेल्या जागा ठेवाव्यात. ए४ च्या एका कागदावर तेच टिपण दोनदा छापून मधून कापले की ५५ मुलांना २८ कागद पुरतात. व्याख्या पूर्ण छापावी, आकृतीची नावे, सूत्रातील एक बाजू आणि उदाहरणातील मधली पायरी रिकामी ठेवावी. रिकाम्या जागा आठ-दहाच्या वर नकोत. जास्त झाल्या की मूल पुन्हा जागा भरण्याच्या मागे लागते आणि ऐकणे सुटते. रिकामी जागा पुरेशी लांब ठेवावी. दहावीच्या मुलाच्या हाताला 'अपवर्तनांक' लिहायला किमान चार सेंमी लागतात, आणि टाइप करताना आपण दोन सेंमीची रेघ देऊन मोकळे होतो.

मुलाची वही वर्गाला दाखवायची असेल तर मोबाइलचा कॅमेरा वापरावा. महागड्या व्हिज्युअलायझरची (कागद वरून दाखवणाऱ्या कॅमेऱ्याची) गरज नाही. मोबाइल सपाट, मागचा कॅमेरा खाली करून, कागदापासून ३५ ते ४० सेंमीवर, अर्ध्या इंची पीव्हीसी पाइपच्या स्टँडवर ठेवावा. अँड्रॉइड असेल तर सेटिंग्जमध्ये बिल्ड नंबरवर सात वेळा टिचकी मारली की डेव्हलपर पर्याय उघडतात, त्यात यूएसबी डीबगिंग चालू करावे. लॅपटॉपवर स्क्रसीपीवाय (scrcpy) हे फुकट साधन फोल्डरमध्ये नुसते काढून ठेवायचे, इन्स्टॉल करावे लागत नाही. केबल जोडून चालवले की मोबाइलचा पडदा लॅपटॉपवर येतो. नेट लागत नाही, वायफायही नाही.

कॅमेरा उघडण्याआधी विमान मोड लावावा, नाहीतर आलेला फोन सगळ्या वर्गाला दिसतो. ऑटो-रोटेट बंद करावे, सपाट ठेवलेल्या मोबाइलला वर-खाली कळत नाही आणि चित्र फिरत राहते. मोबाइलच्या पडद्यावर दिसणाऱ्या कागदावर बोट दाबून धरून फोकस बांधून टाकावा, म्हणजे हात मध्ये आला की चित्र धूसर होणार नाही. आडवे पट्टे सरकताना दिसले तर ते जुन्या ट्यूबलाइटच्या लुकलुकण्यामुळे असतात. कॅमेऱ्यात ५० हर्ट्झचा पर्याय असेल तर निवडावा, नसेल तर खिडकीचा उजेड घ्यावा. उजेड बाजूने यावा, डोक्यावरून आला तर मोबाइलचीच सावली वहीवर पडते.

कंपासपेटी

"जे हलते ते टीव्हीवर" हे पटलं. त्यासाठी दोनच गोष्टी पुरेत: गणिताला जिओजेब्रा, म्हणजे आकृत्या काढून हलवता येणारं सॉफ्टवेअर, आणि विज्ञानाला फेट, म्हणजे पडद्यावर करून बघायच्या प्रयोगांची प्रतिरूपं.

फेट हे अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठाच्या बोल्डर केंद्राचं काम, नोबेल विजेते भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये सुरू केलेलं. बरीच प्रतिरूपं मराठीत आहेत. संकेतस्थळावर भाषा मराठी निवडून डाउनलोड करा, प्रत्येकाची एकच फाइल येते आणि ती क्रोममध्ये किंवा फायरफॉक्समध्ये नेटशिवाय चालते. पेनड्राइव्ह थेट टीव्हीला लावून मात्र ती उघडत नाही, लॅपटॉप हवाच.

चालवण्याचा क्रम महत्त्वाचा. विद्युत परिपथाचं प्रतिरूप घेतलं तर एक दिवा जोडा, चालू करा, थांबा. "दुसरा दिवा एकसर जोडला तर पहिला तेवढाच राहील, मंद होईल की प्रखर?" हात वर करायला सांगा आणि तिन्ही आकडे फळ्यावर लिहा. मगच जोडा. आधी दाखवून मग समजावलं तर मुलं नुसती बघतात, आधी अंदाज बांधला असेल तर स्वतःचं उत्तर तपासतात.

भिंगांच्या प्रतिरूपात एक सापळा आहे. तिथे वक्रता त्रिज्या आणि अपवर्तनांक बदलता येतो. अपवर्तनांक १.५ ठेवला तर दोन्ही बाजूंनी सारखं फुगीर असलेल्या भिंगाचं नाभीय अंतर बरोबर वक्रता त्रिज्येइतकंच येतं. मुलांच्या डोक्यात आरशांचं 'नाभीय अंतर म्हणजे त्रिज्येच्या निम्मं' बसलेलं असतं, त्यांना वाटतं प्रतिरूप चुकलं. आधीच सांगा: आरशाचं सूत्र परावर्तनाचं आहे, भिंगात अपवर्तनांकही येतो. आणि अंतरं मोजली तरी चिन्ह मुलांनीच लावायचं. वस्तू डावीकडे ३० सेंमीवर असेल तर वहीत वजा ३०.

जिओजेब्रा ऑफलाइन आवृत्ती घ्या. अंतर्लिखित कोनाचं प्रमेय घेते, कारण सगळ्या चुका त्यात एकत्र भेटतात. वर्तुळ काढून, त्यावर दोन बिंदू टाकून, केंद्रीय आणि अंतर्लिखित कोन मोजले तर पडद्यावर ९४.५ आणि ४७.२५ असं काहीतरी येतं. पूर्णांक दाखवायला सांगितलं की ९५ आणि ४७, आणि वर्गात लगेच "मॅडम, निम्मं नाही आलं". म्हणून उलट्या बाजूने बांधा. केंद्र म, वर्तुळावर बिंदू क. कोन प्रकारचा स्लायडर घ्या, २० ते १६० अंश, पायरी २. रोटेट अराउंड पॉइंट या साधनाने क ला म भोवती त्या कोनातून फिरवा, मिळेल तो बिंदू ख. आता केंद्रीय कोन नेहमी सम संख्येत राहतो आणि त्याचा निम्मा पूर्ण येतो. वर्तुळावर मोकळा बिंदू ग घेऊन क, ग, ख याच क्रमाने टिचक्या मारून कोन मोजा. क्रम उलटा झाला तर बाहेरचा, ३२० सारखा कोन मिळतो, कारण जिओजेब्रा घड्याळाच्या उलट दिशेने मोजतं.

ग ओढत मोठ्या कंसावर फिरवा: केंद्रीय कोन ८० असेल तर तो ४० च राहतो. लहान कंसावर नेला की २२० दिसेल. त्या कोनाच्या गुणधर्मांत ० ते १८० ही मर्यादा द्या, मग १४० येईल. हा १४० फार मोलाचा आहे. आता अंतर्खंडित कंस २८० चा झाला आणि त्याचं निम्मं १४०, हे मुलांना स्वतः सांगू द्या.

रेषेची जाडी ५ वरून ८, बिंदूचा आकारही तेवढाच, आणि फॉन्ट मिळेल तेवढा मोठा. अक्ष आणि जाळी बंद. नाहीतर मागच्या बाकावरून नुसत्या राखाडी रेघा दिसतात.

नववी_ब

सगळ्यांचे मनापासून आभार. आता चित्र स्पष्ट झालं: ४० धड्यांची पीडीएफ, त्यातली वाक्यं कमी करायची. हलणारं जिओजेब्रा-फेटवर, सिद्धता फळ्यावर. टॅब्लेट नंतर.

दोन शंका. अंतर्लिखित कोनाच्या याच प्रमेयाचा ३५ मिनिटांचा तास कसा मांडावा? आणि टीव्हीवर स्लाइडच्या कडा थोड्या कापल्या जातात, मधूनच पडदा काळा होऊन परत येतो, ते कशामुळे?

खडू_डस्टर

तासाचे सांगतो. आत जाण्याआधी लॅपटॉप जोडून जिओजेब्राची फाइल उघडून ठेवावी. पहिली पाच-सात मिनिटे टीव्ही: ग फिरवायचा, केंद्रीय कोन चार वेळा बदलायचा, आणि मुलांनी टिपणातील चार ओळींच्या तक्त्यात दोन्ही मापे लिहायची. नियम त्यांनीच बोलून दाखवायचा. मग टीव्हीवरील आकृती स्थिर ठेवून फळ्याकडे वळायचे आणि वीस मिनिटे तिथेच. केंद्र कोनाच्या भुजेवर असतानाची सिद्धता पूर्ण लिहावी, पक्ष-साध्यासह. केंद्र कोनाच्या आत असतानाची मुलांकडून करून घ्यावी, पहिल्या सिद्धतेची दोनदा बेरीज आहे एवढेच सुचवावे. केंद्र बाहेर असतानाची घरी. सिद्धता चालू असताना टीव्हीवर काही हलवू नये, नाहीतर नजर तिकडे जाते. शेवटी एखाद्या मुलाची वही मोबाइलखाली, नाव झाकून.

पुढच्या तासापर्यंत फळा तसाच राहू शकत असेल तर पुसू नये.

मापपट्टी

कडा कापल्या जातात त्याला ओव्हरस्कॅन म्हणतात. टीव्हीच्या चित्राच्या सेटिंगमध्ये पिक्चर साइज बघा. १६:९ च्या जागी जस्ट स्कॅन, स्क्रीन फिट किंवा फुल पिक्सेल, कंपनीप्रमाणे नाव बदलतं, ते निवडा.

पडदा काळा होणं बहुतेक केबलमुळे. दहा मीटरच्या आसपासची साधी एचडीएमआय केबल पूर्ण रिझोल्यूशनला कुरकुरते. विंडोजमध्ये टीव्हीचं रिझोल्यूशन १२८० बाय ७२० करून बघा. ६० च्या अक्षरांना आणि जाड रेघांना तेवढं पुरतं. तरीही तसंच झालं तर लॅपटॉपचं छिद्र सैल झालेलं असेल. रोज पाच-सहा तुकड्यांत काढ-घाल केली की ते होतंच. लॅपटॉपला एक वीतभर एचडीएमआय एक्स्टेंशन कायमचं लावून ठेवा आणि वर्गातली केबल त्यालाच जोडा. झीज होईल ती त्या तुकड्याची, आणि तो बदलता येतो.